बंद घरे, परवडणारा निवारा आणि सहकारी कर्ज : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

वापरात नसलेले जुने घर दुरुस्त करायचे, ते कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला झेपेल अशा भाड्याने द्यायचे आणि दुरुस्तीचा खर्च लोकांच्याच बचतीतून, माफक व्याजाच्या कर्जाने भागवायचा, ही परवडणाऱ्या घरांची एक स्वतंत्र वाट आहे. तिच्यात नवी जमीन लागत नाही. पाया, जोते, बऱ्याचशा भिंती आणि घरापर्यंतचा रस्ता आधीच असतो. कर्ज फिटेपर्यंत भाड्यातून हप्ता जातो आणि कर्ज फिटल्यावर मालकाच्या हाती राहते घर येते. इंग्लंड, वेल्स, जपान अशा देशांत या कामाला संघटित रूप आले आहे. भारतात ते अजून विखुरलेले आहे. मात्र त्यासाठी लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, म्हणजे बंद घरे आणि गावपातळीवरच्या पतसंस्थांची जुनी परंपरा, अहिल्यानगर जिल्ह्यात शेजारी-शेजारी आढळतात.

घरांची टंचाई आणि कुलपे

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे ३३ कोटी ८ लाख घरांची नोंद झाली. यात राहत्या घरांबरोबर दुकाने, कचेऱ्या, शाळा अशा वास्तूही मोजल्या जातात. त्यांपैकी सुमारे २ कोटी ४६ लाख वास्तू रिकाम्या होत्या आणि त्यातल्या १ कोटी १० लाखांच्या आसपास शहरी भागात होत्या. याच काळात केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने, ज्याचे अध्यक्ष अर्थतज्ज्ञ अमिताभ कुंडू होते, २०१२साली शहरी घरांची टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार असल्याचा अंदाज दिला. ही टंचाई प्रामुख्याने उघड्यावर राहणाऱ्यांची नव्हती. जवळपास दीड कोटी कुटुंबे अतिशय दाटीवाटीने राहत होती, म्हणून ती टंचाईत धरली गेली. एकूण टंचाईपैकी ५६ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात आणि ४० टक्के अल्प उत्पन्न गटात होती.

दोन्ही आकडे एकत्र वाचले की प्रश्नाचे स्वरूप कळते. एका बाजूला लाखो घरांना कुलूप आहे आणि दुसऱ्या बाजूला एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात. रिकामे घर आणि गरजू कुटुंब एकाच गावात असेलच असे नाही, आणि असले तरी ते घर राहण्याजोगे असेलच असेही नाही. म्हणून रिकाम्या घरांचा आकडा टंचाईतून सरळ वजा करता येत नाही. तरीही जिथे दोन्ही जवळ आहेत तिथे दुरुस्ती हा सर्वांत लवकर फळ देणारा उपाय ठरतो.

जिल्ह्यात घरे का बंद पडतात

अहिल्यानगर, बोलीभाषेत नगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४ आणि २०११ची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार. दर पाच माणसांपैकी चार खेड्यात राहत होती. पश्चिमेला अकोले तालुक्याचा डोंगराळ, भरपूर पावसाचा पट्टा सोडला तर बराचसा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव या भागात ऊस उभा राहिला, तर पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जत यांच्या वाट्याला बव्हंशी जिरायती शेती आली. घरे बंद पडण्याची कारणेही या विषमतेप्रमाणे बदलतात.

पहिले कारण कायमच्या स्थलांतराचे. पारनेरसारख्या तालुक्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला कामाला गेली. काही कुटुंबे पुढे तिथलीच झाली आणि गावचे घर यात्रेपुरते, लग्नकार्यापुरते उघडू लागले. दुसरे कारण बागायतीचे. विहीर, कालवा आणि वीज आल्यावर शेतकरी गावठाण सोडून मळ्यात राहायला गेला. राखण, जनावरे आणि पाण्याच्या पाळ्या यांसाठी शेतातली वस्ती सोयीची होती. गावातले घर मग कडबा, अवजारे किंवा पोती ठेवण्यापुरते उरले. तिसरे कारण वाटणीचे. आजोबांच्या नावावरच्या घराचे पाच-सहा वारस असतात, कुणी पुण्यात, कुणी नाशकात. घरावर सगळ्यांचा हक्क, पण खर्च करायला पुढे कुणी नाही. शहरातल्या जुन्या वाड्यांची गतही हीच आहे. तिथे भाडे नियंत्रणाच्या जुन्या कायद्याने भाडी गोठली आणि मालकाने दुरुस्तीत पैसा घालणे सोडले, हे चौथे कारण जोडले जाते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची घरेही दिवाळीच्या आसपास बंद होतात आणि गाळप संपल्यावर उघडतात. ती रिकामी घरे नव्हेत. जनगणनेतही रिकामी घरे आणि वापरात असलेली कुलूपबंद घरे यांचे वर्ग वेगळे ठेवलेले आहेत. कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी गावातली बंद घरे मोजताना हा फरक पाळावा लागतो, नाहीतर पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसाचेच घर रिकामे म्हणून यादीत जाते.

मागणीची ठिकाणेही जिल्ह्यात स्पष्ट दिसतात. नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहतींतले कामगार, शिर्डीतल्या हॉटेलांत आणि दुकानांत राबणारी माणसे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा लोणी-संगमनेरच्या महाविद्यालयांच्या आसपास खोली शोधणारे विद्यार्थी, कारखान्यांच्या परिसरात कोपीत राहणारे ऊसतोड मजूर आणि गावोगाव हक्काची जागा नसलेली भटक्या-विमुक्त कुटुंबे, या सर्वांना मोठे घर नको असते. कोरड्या दोन खोल्या, शौचालय आणि पाणी एवढी त्यांची गरज असते.

घर ढासळते कसे, सावरते कसे

जिल्ह्याच्या पठारी भागातले जुने घर बहुधा धाब्याचे असते. काळ्या दगडाच्या, दोन-अडीच फूट रुंद भिंती मातीत बांधलेल्या, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पण या छताला दरवर्षी माणसाचा हात लागतो. पावसाळ्याआधी नवी माती टाकून चोपायची, उगवलेले गवत उपटायचे, पन्हळी मोकळ्या करायच्या, हे काम एक वर्ष चुकले की पाणी आत झिरपते. ओले लाकूड कुजते, वाळवी लागते. चूल पेटत असताना धुरामुळे लाकडाला कीड कमी लागत असे, तेही थांबते. एक तुळई वाकली की तिच्यावरची माती पाणी धरून ठेवते, वजन वाढते आणि छत त्या जागी खचते. मग भिंतीच्या माथ्यावर पाणी पडू लागते, दगडांमधली माती धुपते आणि भिंत फुगते. बंद घर पाच-सात पावसाळ्यांत राहण्याजोगे उरत नाही, त्याचे कारण हे.

म्हणून दुरुस्तीचा क्रम छतापासून सुरू होतो. कुजलेले लाकूड काढणे, मातीचा जड थर उतरवणे आणि त्या जागी हलके छत घालणे हे पहिले काम. त्यानंतर पाण्याची वाट: पन्हळी, जोत्याभोवतीचा उतार, सांडपाण्याचा शोषखड्डा. तिसरे काम भिंतींचे. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीला बाहेरून सिमेंटचा घट्ट गिलावा केला तर आतली ओल आतच कोंडते आणि भिंत आणखी लवकर खराब होते. चुन्याचा किंवा मातीचा श्वास घेणारा गिलावा अशा भिंतीला मानवतो. शेवटी शौचालय, न्हाणी, ओटा आणि नवी वीजजोडणी. रंगरंगोटीला सर्वांत शेवटी हात घालायचा असतो, कारण गळके छत रंगाखाली एका पावसापुरतेच झाकले जाते.

भिंती बळकट करण्याबाबत महाराष्ट्राजवळ मोठा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक मृत्यू मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरच्या जड माळवदांखाली झाले. अशा भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग वेगवेगळे रचलेले असते व मध्ये चिपा आणि माती भरलेली असते. हादरा बसला की दोन्ही अंगे सुटतात. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावे दुसरीकडे हलवली गेली, पण जवळजवळ दोन लाख घरे आहेत त्याच जागी दुरुस्त आणि बळकट करण्याचे ठरले. भिंतीची दोन्ही अंगे जोडणारे आरपार दगड बसवणे, माथ्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवणे, खांब आणि तुळईचा सांधा तिरप्या आधाराने पक्का करणे, छतावरची माती कमी करणे, असे ते साधे उपाय होते. पैसा टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या खात्यात जाई आणि काम तोच करून घेई. गावातल्या महिलांना संवाद सहायक नेमून माहिती घरोघर पोहोचवली गेली आणि त्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचा वाटा महत्त्वाचा होता. गावातलेच गवंडी, गावातलीच देखरेख आणि टप्प्याने मिळणारा पैसा यांच्या जोरावर लाखभर घरांची दुरुस्ती होऊ शकते, हे त्या कामाने दाखवून दिले.

सरकारी योजना कुठे थांबतात

२०१६मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे मूळ अनुदान ठेवले गेले. किमान २५ चौरस मीटरचे घर, रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी वेगळे १२ हजार रुपये अशी तिची रचना आहे. महाराष्ट्रात रमाई, शबरी आणि मोदी आवास या योजना वेगवेगळ्या समाजगटांसाठी चालतात. या सर्वांचा भर बेघर किंवा कच्च्या घरातल्या कुटुंबाने स्वतःच्या जागेवर नवे घर बांधण्यावर आहे. ज्याला जागाच नाही किंवा जो कामासाठी काही वर्षे दुसऱ्या गावी राहतो, त्याला भाड्याचे घर लागते. आणि मुंबईकर मालकाच्या बंद घराची दुरुस्ती अशा अनुदानात बसत नाही.

रिकामी घरे भाड्याने देण्याचा सरकारी प्रयत्न २०२०मध्ये झाला. कोरोनाच्या टाळेबंदीत शहरांतून मजूर पायी गावाकडे निघाले, त्यानंतर केंद्राने परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना आणली. तिच्या पहिल्या प्रकारात आधीच्या सरकारी योजनांतून बांधलेली पण रिकामी पडलेली घरे दुरुस्त करून २५ वर्षांच्या कराराने भाड्याने चालवायची होती. देशभरात अशी ८३ हजारांहून अधिक घरे होती. प्रत्यक्षात चंडीगडची २,१९५ आणि सुरतची ३९३ धरून साडेपाच हजारांच्या थोडी पुढे घरे वापरात आली. बरीचशी घरे कामाच्या ठिकाणांपासून लांब होती, पाणी-रस्ते अपुरे होते आणि खासगी चालकाला त्यात परतावा दिसत नव्हता. घर कुठे आहे आणि ते कोण सांभाळणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली नाहीत तर दुरुस्तीचा पैसाही उपयोगी पडत नाही.

पैसा लोकांचा, कामही लोकांचे

सामाजिक कर्जात पैसे देणारा जास्तीत जास्त नफ्याच्या मागे नसतो. मुद्दल सुरक्षित राहावे, माफक व्याज मिळावे आणि पैशाने एखादे लोकोपयोगी काम व्हावे, एवढी त्याची अपेक्षा असते. इंग्लंडमध्ये १९८१ साली यॉर्कशरमध्ये स्थापन झालेली इकॉलॉजी बिल्डिंग सोसायटी सभासदांच्या ठेवींतून पडक्या घरांच्या दुरुस्तीला कर्ज देत आली आहे. हल शहरात १९८०च्या दशकात काही तरुणांनी एकत्र येऊन पडीक घर विकत घेतले आणि स्वतःच्या हातांनी ते दुरुस्त केले. त्यातून जिरोस्कोप ही संस्था उभी राहिली. घर मिळवणारा माणूसच दुरुस्तीचे काम शिकतो, ही तिची पद्धत. वेल्सच्या सरकारने २०१२मध्ये बंद घरांच्या मालकांना बिनव्याजी कर्ज देण्याचा कार्यक्रम सुरू केला. घर विकले किंवा भाड्याने दिले की रक्कम परत येते आणि पुढच्या घराला मिळते. जपानमध्ये २०२३च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के, रिकामी आढळली. तिथल्या नगरपालिका बंद घरांची जाहीर यादी ठेवतात आणि मालक व गरजू यांची गाठ घालून देतात.

लोकांची बचत लोकांच्या कामाला लावण्याची ही कल्पना नगर जिल्ह्याला परकी नाही. १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर खेड्यांत पतपेढ्या निघू लागल्या. लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३मध्ये शेतकऱ्यांची सहकारी पतपेढी काढली. सावकाराच्या व्याजातून शेतकरी सोडवणे हा तिचा हेतू होता. त्याच माणसाने पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. ज्या शेतकऱ्यांकडे एकेकटे असताना फारसे काही नव्हते, त्यांच्या थोड्या-थोड्या रकमेतून कारखाना उभा राहिला. आज जिल्ह्यात विकास सोसायट्या, जिल्हा सहकारी बँक, नागरी बँका, नागरी आणि ग्रामीण बिगरशेती पतसंस्था आणि महिला बचत गट यांचे दाट जाळे आहे. नाबार्डने १९९२मध्ये बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्यातूनही घरदुरुस्तीसाठी छोटी कर्जे घेतली जातात.

इंटरनेटवरून थेट व्यक्ती-व्यक्तींत कर्ज देण्याचा मार्गही आहे. २००८मध्ये सुरू झालेल्या रंग दे या संस्थेने शहरातल्या माणसाचे छोटे पैसे खेड्यातल्या कर्जदारापर्यंत कमी व्याजाने नेले. रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये या व्यवहाराला नियम घातले. त्यांनुसार एका व्यक्तीने एकाच कर्जदाराला ५० हजारांपेक्षा जास्त देता येत नाही, कर्जदाराची एकूण मर्यादा १० लाख आहे आणि मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या गावकऱ्यांना गावातल्या घरांसाठी पैसे लावण्याची ही कायदेशीर वाट होऊ शकते, पण तिची मुदत तोकडी आहे. ती का तोकडी पडते, हे हिशेबाने स्पष्ट होते.

हप्त्याचा हिशेब

उदाहरणादाखल, दोन खोल्यांच्या घराच्या दुरुस्तीला २ लाख रुपये लागतात असे धरू. ५० हजार मालक घालतो आणि दीड लाखाचे कर्ज घेतो. घराचे भाडे महिना ३,५०० रुपये ठरते. १० टक्के व्याजाने तीन वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता सुमारे ४,८४० रुपये बसतो, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त. चार वर्षांत तो ३,८०० येतो, तरीही भाडे पुरत नाही. सात वर्षांची मुदत दिली की हप्ता २,४९० रुपयांवर उतरतो आणि घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती आणि एखाद्या रिकाम्या महिन्यासाठी हजार रुपये हाताशी राहतात.

आता मुदत सातच वर्षे ठेवून फक्त व्याज बदलून पाहावे. १४ टक्क्यांना हप्ता २,८१० होतो आणि ६ टक्क्यांना २,१९०. व्याज आठ टक्क्यांनी कमी झाले तरी हप्त्यात सव्वासहाशेच्या आसपास फरक पडतो. मुदत चारवरून सात वर्षे केली तर फरक तेराशे रुपयांचा. मुदत वाढली की एकूण व्याज वाढते हे खरे, पण घर भाड्यातूनच फिटते की मालकाच्या खिशाला चाट बसते, हे इथे ठरते. स्वस्त पैशाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, थांबण्याची तयारी असलेला पैसा या कामाला लागतो.

अडचण अशी की पतसंस्थांच्या ठेवी बहुधा एक-दोन वर्षांच्या असतात आणि त्यांवर सात वर्षांचे कर्ज दिले तर ठेवी परत करायच्या वेळी रोकड अडकते. म्हणून संस्थेने अशा कर्जांसाठी एकूण कर्जवाटपाचा लहानसा ठरावीक भागच राखावा, किंवा सभासदांकडून दीर्घ मुदतीच्या वेगळ्या ठेवी घ्याव्यात. बँकांच्या बाबतीत मर्यादेतली घरदुरुस्तीची कर्जे अग्रक्रम क्षेत्रात धरली जातात, त्यामुळे बँका आणि पतसंस्था मिळूनही हे काम उचलू शकतात.

कागद : मालकी, तारण आणि करार

कर्जाला तारण लागते आणि गावठाणातल्या घराचे घोडे इथेच अडते. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव असते, पण ती करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२१पासून देशभर सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजून प्रत्येक मिळकतीचा नकाशा, मिळकत पत्रिका आणि सनद देणे हे तिचे काम. मिळकत पत्रिका हाती आली की घर तारण ठेवता येते आणि बोज्याची नोंद होऊ शकते. शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका हे काम करते. मात्र पत्रिकेवर आजोबांचेच नाव असेल तर आधी वारसनोंद आणि सर्व वारसांची लेखी संमती हवी. जिथे वारस एकमत होत नाहीत ते घर बाजूला ठेवणेच शहाणपणाचे.

मालकाची दुसरी भीती भाडेकरू घर सोडणार नाही ही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळात ती साधार होती आणि अजूनही लोकांच्या मनातून गेलेली नाही. ३१ मार्च २०००पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ने त्यावर उपाय दिला आहे. कलम ५५प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. राहण्यासाठी दिलेल्या घराचा परवाना मुदतीअंती संपला की कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळतो आणि घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. ६० महिन्यांपर्यंतच्या अशा करारावर मुद्रांक शुल्क अत्यल्प, एकूण आकारणीच्या पाव टक्का, आहे. कर्ज सात वर्षांचे असेल तर करार पाच वर्षांचा करून नूतनीकरणाची अट कर्जाच्या कागदातच लिहावी लागते.

भाडेकरूचेही रक्षण व्हायला हवे. ठरलेले भाडे किती वर्षे वाढणार नाही, घर कुणाला द्यायचे आणि भाडेकरूला मालकाने मध्येच बाहेर काढायचे नाही, या अटी कर्जाला जोडल्या तरच त्या कर्जाला सामाजिक म्हणता येते. नाहीतर लोकांच्या बचतीवर घर दुरुस्त होईल आणि ते जास्त भाडे देणाऱ्याकडे जाईल. खेड्यात आणखी एक अडथळा उघडपणे मान्य करावा लागतो. गावठाणातल्या आळ्या जातीनिहाय वसलेल्या आहेत आणि एकट्या बाईला, पारधी किंवा कैकाडी कुटुंबाला घर नाकारले जाते. भाडेकरूंची निवड मालकाच्या मर्जीवर न सोडता ग्रामपंचायत, बचत गटांचे प्रतिनिधी आणि कर्ज देणारी संस्था यांनी लेखी निकषांवर केली, तर हा अन्याय टाळता येतो.

धोके

सहकाराच्या बळाबरोबर त्याचे अपयशही नगर जिल्ह्याने पाहिले आहे. १९१०मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. पुरेसे भांडवल आणि उत्पन्नाची शक्यता उरली नसल्याचे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थांच्या ठेवींना ते नाही. म्हणून पतसंस्थेने घरदुरुस्तीत पैसा घालताना ठेवीदाराची सुरक्षितता पहिली पाहायला हवी. एकाच मालकाला किंवा एकाच गावात फार कर्ज न देणे, संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांना या योजनेतून वगळणे, पैसा एकदम न देता छत, भिंती, शौचालय अशा टप्प्यांनी अभियंत्याच्या पाहणीनंतर देणे आणि भाडे थेट कर्जखात्यात जमा करून घेणे, हे किमान नियम आहेत. थकबाकी झालीच तर सहकार कायद्याच्या कलम १०१खाली वसुली दाखला मिळतो, पण ते शेवटचे साधन.

दुसरा धोका चुकीच्या घराची निवड हा. काही घरे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली असतात. शहरातल्या धोकादायक इमारतींना महापालिका नोटिसा देते, त्यांना रंग देऊन भाडेकरू बसवणे हा गुन्हाच ठरेल. दुरुस्तीचा अंदाज नव्या बांधकामाच्या खर्चाच्या जवळ जात असेल, तर ते घर या योजनेचे नव्हे.

तिसरा धोका रोजगाराचा. घर राहण्याजोगे झाले तरी गावात काम नसेल तर तिथे कुणी येत नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट याची साक्ष देते. १९७२च्या दुष्काळानंतर तिथली कुटुंबे बाहेर पडली. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर पाणलोटाचे काम झाले, पाणी मुरले, शेती आणि दूध वाढले आणि गेलेली कुटुंबे परत आली. तिथे घरांची दारे पाण्यामुळे उघडली. म्हणून दुरुस्तीसाठी गावे निवडताना सुपे, नागापूर, शिर्डी, राहुरी, लोणी यांसारख्या कामाच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणांपासून रोज ये-जा करता येईल अशा अंतरावरची गावे पहिल्यांदा घ्यावीत.

सुरुवात कशी करावी

एखाद्या गावाने हे काम हाती घ्यायचे ठरवले तर पहिली पायरी मोजणीची आहे. ग्रामपंचायतीने नमुना ८ आणि मिळकत पत्रिका समोर ठेवून बंद घरांची यादी करावी. हंगामी कुलूपबंद घरे, वादातली घरे आणि पडायला आलेली घरे वेगळी काढावीत. उरलेल्या घरांच्या मालकांना यात्रेच्या दिवसांत गाठावे, कारण मुंबई-पुण्याची माणसे तेव्हाच गावात एकत्र भेटतात. मालक, पतसंस्था आणि ग्रामपंचायत यांचा तिहेरी करार व्हावा आणि सुरुवात चार-पाच घरांपासून व्हावी. पहिल्या घरांचे हप्ते दोन-तीन वर्षे वेळेवर येऊ लागले की ठेवीदारांचा विश्वास बसेल आणि पुढच्या घरांना पैसा मिळेल.

नगर जिल्ह्यातल्या पतपेढ्यांचा जन्म सावकारीतून माणूस सोडवण्यासाठी झाला होता. आज त्याच गावांत सावकाराची जागा महागड्या भाड्याने आणि दाटीच्या खोल्यांनी घेतली आहे. ज्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात दहा घरे कुलूपबंद आहेत आणि दहा कुटुंबे कोपीत राहतात, त्या संस्थेच्या वार्षिक सभेत सभासदांनी एक ठराव मांडावा: कर्जवाटपाचा एक छोटा हिस्सा सात वर्षांच्या मुदतीने गावातल्या बंद घरांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पोटनियम, हिशेब आणि सभासदांची इच्छाशक्ती एवढ्यावर हे काम उभे राहू शकते.